खिळ्यावरचा नान

यंदा जर्दाळू आठवडाभर उशिरा आले. रिकार्टनच्या भाजीच्या दुकानाबाहेर पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचलेली दिसली, तोवर माझी गाडी पुढे गेली होती. पुढच्या चौकातून वळून परत आले. शेजारी बसलेली माझी लेक मुग्धा मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, इंडिकेटर!" ही पोर सातव्या वर्षापासून इथे ख्राइस्टचर्चमध्ये वाढली. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. माझ्यावर ओरडायचं असलं की तेवढं मराठीत.

बाहेर नॉर्वेस्टर सुटला होता. डोंगर ओलांडून मैदानात उतरणारा हा गरम वारा आला की इथल्या लोकांची डोकी दुखतात, माणसं एकमेकांवर चिडतात. मला तो आमच्या पारनेरकडच्या वैशाखातल्या वाऱ्यासारखा वाटतो, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. मुग्धा खोकं मांडीवर घेऊन बसली आणि गाडीभर वास पसरला. पिकलेला आंबा कसा अंगावर धावून येतो, तसं जर्दाळूचं नाही. तो गुपचूप शेजारी येऊन बसतो. सिग्नलला गाडी थांबली तशी मी एक उचलला. लहान बाळाच्या कानामागे असते तेवढीच लव, उन्हाकडच्या गालावर लाली, आणि दोन बोटांनी दाबला की आपोआप दोन फाकी. बी हातात सुटून आली आणि मी ख्राइस्टचर्चच्या सिग्नलला उरले नाही.

लहानपणी जर्दाळू आम्ही सुकाच पाहिलेला. मुंबईच्या आत्या दिवाळीला डबा आणायच्या, त्यात तळाशी चार-दोन असायचे, काळपट, सुरकुतलेले. ओला जर्दाळू असतो, झाडाला लागतो, त्याचा रस कोपरापर्यंत ओघळतो, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही कुठे, तर कझाकस्तानात, चारिन नावाच्या एका मोठ्या घळीजवळच्या गावात, एका उईघुर म्हातारीच्या अंगणात. त्याला आता दोन उन्हाळे झाले. त्या म्हातारीच्या घरात भिंतीवर एक खिळा आहे, आणि त्या खिळ्यावर माझा एक घास खाल्लेला नान टांगलेला आहे. मी परत जाऊन तो संपवायचा, असं ठरलं आहे. आणि दोन वर्षं मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत टाळलं.

का टाळलं, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले.

आधी अचाबद्दल सांगायला हवं. मी इथे वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. सकाळी सहाला गाजरं, बटाटे, भोपळे सोलायचे, मग मोठी पातेली. समोरच्या बाजूला सोलायला असते ती गुलबहार, त्या म्हातारीचीच लेक. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, रुंद मनगटांची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला अचा म्हणतात, म्हणून मीही अचा म्हणते. ती मला सिंग्लिम म्हणते, म्हणजे धाकटी बहीण. तिची मुलगी इथे इंजिनियर, तिच्या पाठोपाठ ती आली. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं. दोन मोडक्या खाटा एकमेकींना टेकवल्या की जशा उभ्या राहतात तसं आमचं बोलणं उभं राहिलं. त्यात एक दिवस तिने कांदा उचलून म्हटलं "पियाज". मी हसले आणि बदाम दाखवला. "बादाम." मग आम्हाला नादच लागला. अनार, मेहमान, दोस्त, हवा, किताब. आमची सुपरवायझर बघतच राहिली. तिला वाटलं आम्ही एकाच गावच्या.

किताब म्हटलं की मला माझी शाळा आठवायची. मी नववी पास. नापास नाही, पास, हे मी सगळ्यांना सांगते. दहावीची पुस्तकं घेतली होती, खाकी कव्हरं घातली होती, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आई आजारी पडली, पाठीमागे तीन भावंडं. ती कव्हरं तशीच कोरी राहिली. पुढे लग्न झालं. आमचे हे आयटीआय केलेले वेल्डर, आधी सुप्याच्या एमआयडीसीत, मग आखातात, मग भूकंपानंतर हे शहर पुन्हा बांधलं जात होतं तेव्हा इथे. इथे मराठी मंडळाच्या गणपतीत जाते, तेव्हा डावीकडे सॉफ्टवेअर, उजवीकडे सिव्हिल इंजिनियर, मधे मी. कोणी कमी लेखत नाही, हे खरं सांगते. पण "आणि तुम्ही काय करता?" असं कोणी विचारलं की मी पटकन उठून पत्रावळी गोळा करायला लागते.

तो माझा स्वभावच झाला आहे. कोणाच्या घरी गेले की मला बसवत नाही. कोणी चहा दिला तर कप विसळून ठेवते, जेवू घातलं तर भांडी घासते. ह्या देशाने मला हाकललं नाही, याचं मला रोज सकाळी नव्याने नवल वाटतं, आणि कुठल्याही दारात मी असं काहीतरी काम करून माझी जागा मिळवते. फॉर्म भरायचा असला की मी पेन शोधायच्या निमित्ताने उठते. झाडू मिळाला की बरं वाटतं.

त्या वर्षी जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही चार वर्षांनी गावी चाललो होतो. ह्यांना दोनच आठवड्यांची रजा, ते आधी परतणार होते. अचा तेव्हा तिच्या आईकडे असणार होती. म्हणाली, "मुंबईहून विमान चार-साडेचार तासांचं. जर्दाळू असतात. ये." मी हसण्यावारी नेलं. मुग्धाने मोबाईलवर व्हिसा लागतो का, तिकीट किती, सगळं बघून टाकलं आणि मला मराठीत दम भरला, "आई, तू आयुष्यात कुठे जातच नाहीस! एकदा तरी जा ना!"

अल्माटीहून पूर्वेकडे चार तास. अचाचा भाचा गाडी चालवत होता. पॉपलरची झाडं, रस्त्याकडेने पाण्याचे पाट, टरबुजांचे ढीग. मग झाडं संपली आणि नुसता माळ सुरू झाला. आणि मग गाव: मातीच्या भिंती, निळ्या चौकटी, आणि प्रत्येक अंगणात जर्दाळू. झाडाखाली लाकडी चौथरा, त्यावर गालिचा, त्यावर जेवण, त्यावरच दुपारची झोप. रात्रभर वाऱ्याने पडलेले जर्दाळू सकाळी गोळा करायचे, फाकी करून छपरावर वाळत घालायचे. अचाची आई, तिला सगळे मोमा म्हणायचे, पंच्याऐंशीच्या पुढची असावी. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. मला पाहिल्या पाहिल्या तिने माझे दोन्ही हात धरून उलटेसुलटे पाहिले, बैल घेताना बघतात तसे, आणि काहीतरी म्हणाली. अचा हसून म्हणाली, "म्हणते, हे हात कामाचे आहेत. हिला खुर्ची देऊ नका, पीठ द्या."

मला फार बरं वाटलं. तिथेच माझी चूक सुरू झाली.

त्यांचा नान आपल्या हॉटेलातल्यासारखा लांबट नसतो. गोल, कडा जाड, मध्यभागी पातळ. कोंबडीच्या पिसांच्या देठांची जुडी बांधून तिचा ठसा मध्यावर टोचतात, नक्षी उठते. अंगणातल्या मातीच्या तंदुरात आत वाकून भिंतीला चिकटवतात. नान कधी पालथा ठेवायचा नाही. सुरीने कापायचा नाही, हाताने मोडायचा. जमिनीवर तुकडा दिसला तर उचलून उंच जागी ठेवायचा, पाखरांना. मोमाने पहिल्याच दिवशी मला हे शिकवलं, आणि मी मान डोलावून म्हटलं, आमच्याकडेही अन्नाला पाय लागला तर नमस्कार करतात. तिला ते आवडलं. तीन दिवस मी पीठ मळलं, दूधचहाच्या वाट्या विसळल्या. त्या चहात मीठ असतं. मुग्धाने पहिल्या घोटाला जे तोंड केलं होतं त्याची नक्कल मोमा पुढे तीन दिवस शेजारणींना करून दाखवत होती.

चौथ्या दिवशी सगळ्यांनी चारिनच्या घळीत जायचं ठरलं होतं. तिथे आता राखीव उद्यान आहे, लांबून लोक बघायला येतात; मोमाच्या घरच्यांना मात्र ती परसातल्या विहिरीसारखी. सकाळी अचा तंदुराशी होती, मोमा पाटाचं पाणी झाडांना सोडत होती, मुग्धा झोपलेली. मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. वाट्या झाल्या, चूल झाली, केर झाला. तेव्हा कपाटाशेजारच्या भिंतीवर, खिळ्याला, मला तो दिसला. एक जुना नान. वाळून करडा झालेला, कडेला कोळ्याचं जाळं. आणि एका बाजूने चावा घेतलेला. दातांचे ठसे स्पष्ट दिसत होते.

आपल्या मराठी बाईला हे कसं दिसणार? उष्टं. तेही शिळं, तेही भिंतीवर. माझ्या आईने उष्ट्या हाताने पातेल्याला शिवू दिलं नाही कधी. मला वाटलं, म्हातारीच्या डोळ्यांना दिसत नसेल, कुठल्या पोराने खेळात लावला असेल. अन्न टाकायचं तर नाही. म्हणून मी तो उंबऱ्यावर आपटून फोडला, थोडं पाणी शिंपडलं आणि कोंबड्यांना घातला. कोंबड्या धावल्या. मग आत येऊन जाळं काढलं, भिंत झटकली. खिळासुद्धा ओल्या फडक्याने पुसला. आपण ह्या घराच्या उपयोगी पडलो, असं वाटून मी स्वतःशीच गुणगुणत होते.

मोमा आत आली. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. कपाटाकडे जाता जाता, न बघता, तिचा हात वर गेला, रोजच्या सवयीने जसा आपला हात देवळाच्या घंटेकडे जातो तसा, आणि रिकाम्या खिळ्याला लागला. हात तिथेच थांबला. मग तिने वर पाहिलं. मग माझ्या हातातल्या फडक्याकडे. मग दारातून बाहेर, कोंबड्यांकडे.

ती अंगणात गेली, कोंबड्यांमध्ये वाकून काही शोधत राहिली. मग कमरेच्या रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली, आणि गाडीत जाऊन बसली.

गाडीत पुढे मोमा, तिची पाठ. मागे आम्ही तिघी. माझ्या हातून काहीतरी मोठं झालं आहे हे मला कळलं होतं, काय झालं ते कळत नव्हतं. मुग्धाने अचाला हळूच विचारलं. अचा खिडकीबाहेर बघत सांगू लागली आणि मुग्धा ऐकता ऐकता माझ्या दंडाला घट्ट धरत गेली.

त्यांच्या घरात कोणी लांब निघालं की दारात ताजा नान त्याच्यापुढे धरतात. तो एक घास चावतो. उरलेला नान घरात टांगून ठेवतात. त्याचं अन्न अर्धं राहिलेलं असतं, ते संपवायला त्याला यावंच लागतं. अचा न्यूझीलंडला निघाली तेव्हा तिचाही टांगला होता. दर खेपेला आली की आधी तो चहात बुडवून संपवते, जाताना नवा चावते. आज सकाळी मी फोडला तो तुरसूनचा. तुरसून अचाचा धाकटा भाऊ. बांधकामाच्या कामाला दूर उत्तरेकडे गेला, त्याला पाच वर्षं झाली. पहिल्या वर्षी फोन यायचे. मग नंबरच बंद. विचारपूस झाली, माणसं जाऊन आली, काही कळलं नाही. तुरसून म्हणजे "राहो, टिको". आधीची दोन मुलं गेली म्हणून मोमाने हे नाव ठेवलं होतं. माझ्या वडिलांचं नाव दगडू, ते अगदी ह्याच कारणाने. हे मी अचाला सांगितलं नाही. 

माळ संपता संपत नव्हता. इतका सपाट, की पुढे काही असेल यावर विश्वास बसत नव्हता. आणि मग गाडी थांबली, आम्ही चार पावलं चाललो, आणि पुढे जमीनच नव्हती.

आमच्याकडे निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुरात दगड गरगरून काळ्या कातळात रांजणाएवढे खड्डे पडले आहेत. लहानपणी आम्ही त्यात वाकून आपापली नावं ओरडायचो. मला वाटायचं, पाणी दगडाचं याहून जास्त काही करू शकत नसेल. इथे पाण्याने अख्खी पृथ्वी चिरली होती. लाल, तांबूस, विटकरी भिंती. कुठे बुरूज, कुठे कमान, कुठे माणसं रांगेत उभी असावीत असे सुळके. थरावर थर, एखाद्या बाईने हजारो पोळ्या करून एकावर एक ठेवाव्यात तसे. तळाशी वाट, आणि वाटेच्या शेवटी नदी. मोमाला खाली नेणारी छोटी गाडी मिळाली. आम्ही चालत निघालो.

तासभराची वाट असेल. दोन्ही बाजूंनी भिंती, वर निळ्या आकाशाची पट्टी. लोक फोटो काढत होते, लहान मुलं हाका मारून प्रतिध्वनी ऐकत होती. माझ्या डोक्यात एकच. पाच वर्षं एका आईने रोज हात लावून जपलेली गोष्ट मी पाच मिनिटांत कोंबड्यांना घातली. आता तो आला नाही तर? आलाच नाही, तर ते कोणामुळे?

मुग्धा म्हणाली, "आई, इट्स ओके. यू डिडन्ट डू इट ऑन पर्पज."

"मुद्दाम नाही केलं, म्हणजे केलं नाही असं होतं का गं?"

तिने स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली.

नदी गढूळ, हिरवट, धावत सुटलेली. काठाला झाडं, सावली, आणि सावलीत गालिचे पसरून बसलेली कुटुंबं. एका बाजूला उईघुर बायकांचा मेळा होता, कोणाच्या तरी घरचा काही आनंद असावा. डोक्यावर भरतकामाच्या चौकोनी टोप्या, एकजण लांब दांड्याचा दुतार छेडत होती, बाकीच्या गात होत्या. गाणं हसरं असावं, कारण मधेच सगळ्या खिदळायच्या. मोमा आमच्या गालिच्यावर बसली होती. पुढ्यात दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, त्यावर जर्दाळू, तुतीचा पाक, सकाळचे ताजे नान. तिने मला हाताने बोलावलं. मी गेले आणि खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. तिला आपल्याकडची ही पद्धत ठाऊक नव्हती. तिला वाटलं माझं काही हरवलंय. तीही खाली वाकून शोधायला लागली.

"बालाम," ती म्हणाली, म्हणजे लेकरा. मग बराच वेळ बोलली. अचा एकेक वाक्य सांगत गेली.

"म्हणते, तुझ्या हातांना पाहुणं होता येत नाही."

मी मान खाली घातली.

"म्हणते, मी सकाळी फार चिडले होते. तुला नाही, तुझ्या फडक्याला शिव्या दिल्या. मनात."

मग मोमाने कमरेच्या रुमालाची गाठ सोडली. आत एक तुकडा होता. करडा, अंगठ्याएवढा, कडेचा. तिने तो उन्हात धरला आणि तिच्या तोंडाचं बोळकं पसरलं.

"म्हणते, कोंबड्यांनाही हा फुटला नाही. तुरसूनच तो. लहानपणापासून हट्टी."

अचा हसली आणि हसता हसता रडायला लागली. दुतारवाल्या बायांनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि शहाण्या बायकांसारखं पुन्हा गाऊ लागल्या.

मोमाने तुकडा परत गाठीत बांधला. मग ताजा नान उचलून दोन्ही हातांनी माझ्या तोंडापुढे धरला. "तू एक काढलास," अचाने सांगितलं, "तू एक लाव. खिळा रिकामा नको. चाव."

 माझं उष्टं, मोमाच्या भिंतीवर? आणि माझ्या परतण्याची वाट ही बाई बघणार? माझी? ज्या माणसाला शेजारच्या गल्लीत गाडी लावताना घाम फुटतो, त्याच्यावर कोणी असा भरवसा टाकतं का? पण नान तोंडापुढे होता आणि मोमा हात खाली घेत नव्हती. मी चावले. तीळ, कांदा, धूर. मुग्धाने फोटो काढला नाही. त्याबद्दल मी तिची आजही आभारी आहे.

निघताना मोमाने मला फडक्यात बांधून वाळलेले जर्दाळू दिले. ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर उतरलो आणि ते लाल-पिवळे फलक दिसू लागले: फळं, बिया, मध, माती, सगळं जाहीर करा. कुठल्या रकान्यात काय लिहू, चुकलं तर काय, पोरीसमोर पकडलं तर काय. रांगेत माझी पाळी यायच्या आत मी ते फडकं तसंच तिथल्या मोठ्या डब्यात टाकून दिलं. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्याने "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून बॅग पाहिली, "स्वीट ॲज", म्हणजे सगळं ठीक, म्हणून सोडली. मुग्धाने त्याला विचारलंच. तो म्हणाला, चांगले वाळलेले असतील तर दाखवायचे होते, कदाचित जाऊ दिले असते. बाहेर पार्किंगमध्ये मुग्धा माझ्यावर मराठीत ओरडली, "विचारायचं तरी ना! आधीच घाबरतेस आणि आधीच टाकून मोकळी होतेस!"

तिला वाटलं ती जर्दाळूंबद्दल बोलते आहे. पण मी गाडीत बसले आणि मला तो पुसलेला खिळा दिसला. खरंच की. त्या घरात अचा होती, मोमा होती, एकीला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे दाखवायचं, आणि ते मी नववीपासून टाळत आले आहे. लोक माझ्याबद्दल म्हणतात, सुनंदाचं घर कसं आरशासारखं असतं. घाबरट माणसाचं घर फार स्वच्छ असतं, हे त्यांना कोण सांगणार.

मग दोन वर्षं. अचा प्रत्येक हिवाळ्यात विचारायची, येतेस ना? गेल्या वर्षी ह्यांचं काम बदललं हे कारण झालं, त्याआधी मुग्धाची परीक्षा. खरं कारण वेगळंच होतं. तुरसूनची काहीच बातमी नव्हती. त्या घरात जायचं, त्या भिंतीपुढे उभं राहून माझा नान खायचा, आणि शेजारी त्या आईच्या लेकाचा अंगठ्याएवढा तुकडा. माझा घास कसा उतरणार होता? अचा मोमाशी व्हिडिओवर बोलायची तेव्हा मी मुद्दाम पातेलं घासायला उठायचे.

त्याच आठवड्यातल्या रविवारी जर्दाळूंचं अर्धं खोकं घेऊन अचाकडे गेले. तिने अंगणातल्या नातवंडांच्या ट्रॅम्पोलिनवर जाळी पसरली होती, आम्ही फाकी करून त्यावर मांडत होतो. गरम वाऱ्याने जाळी हलायची आणि फाकी उड्या मारायच्या. तेवढ्यात मोमाचा फोन आला. माझे दोन्ही हात रसाने भरलेले, उठून जायला काही निमित्त नव्हतं. अचाने मोबाईल माझ्यासमोर धरला. मोमा आणखी लहान झाली होती. ती उठली, मोबाईल हलला, छप्पर दिसलं, मग भिंत. खिळा. खिळ्यावर पांढऱ्या फडक्यात माझा नान, आणि त्याच फडक्याच्या कोपऱ्याला बांधलेली छोटी गाठ.

"म्हणते, बघ, जाळं काढते हं मी रोज. नाहीतर येऊन पुसशील."

मी हसले, आणि मग विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सरळ विचारलं. "मोमा, माझ्यामुळे तर नाही ना? तो येत नाही ते?"

अचाने ते तिकडे सांगितलं.   मोमा मोबाईलच्या अगदी जवळ आली, नुसते डोळे दिसत होते.

"म्हणते, वेडी. पाच वर्षं पूर्ण नान होता, तेव्हा कुठे आला? त्याला माझी हाक पोचत नाही. तुला पोचते. ज्याला पोचते त्याने तरी यावं."

जूनचं तिकीट काढलं. ह्या वेळी फॉर्म मी स्वतः भरला. जिथे अडलं तिथे मुग्धाला विचारलं. ती दोनदा हसली आणि तिसऱ्यांदा हसली नाही.

आणि मुग्धाही निघाली. वेलिंग्टनला, विद्यापीठात. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सकाळी बॅगा गाडीत भरून झाल्या. हे बाहेर हॉर्न वाजवत होते. मी रिकार्टनच्या भारतीय दुकानातून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या तिला बांधून देत होते, आणि तोंडाने चालू होतं, हीटर लाव, उपाशी राहू नको, आमच्याशी मराठीत बोल. तिने डब्यातली वरची भाकरी काढली, उभ्या उभ्या एक मोठा चावा घेतला, आणि किल्ल्या अडकवायच्या खिळ्यावरून किल्ल्या काढून तिथे भाकरी टोचून टाकली.

"मुगे! उष्टी भाकरी! मुंग्या लागतील गं!"

"लागू देत," ती तोंड भरलेलं असताना म्हणाली, चक्क मराठीत. "ही साफ करायची नाही, आई. मी आल्यावर बघू."

आता घरात दोघंच. भाकरी वाळून कडक झाली, एका कडेला जराशी वाकली. चावलेल्या ठिकाणी तिच्या पुढच्या किंचित तिरक्या दाताची खूण आहे. कामावर जाण्याआधी मी सवयीने ओटा पुसते, फरशा पुसते, भिंत पुसत येते. फडकं त्या खिळ्यापाशी आलं की थांबतं. मग मी ते खाली ठेवते, हात कोरडा करते, आणि न बघता वर नेते.

असते.